बीटल्सचं ‘समथिंग’: एका उतरत्या सुराच्या मागे जाऊन गाणं वाजवायला शिकताना

‘समथिंग’च्या कॉर्ड्सची यादी शोधली की लगेच मिळते. ती समोर ठेवून वाजवलं तर ऐकणारा गाणं ओळखतो, मानही डोलावतो. तरी काहीतरी राहून जातं, आणि बहुतेक जण त्याचा दोष आपल्या स्ट्रमिंगला देतात. माझं मत वेगळं आहे. या गाण्याचा जीव कॉर्ड्सच्या आतून अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली सरकणाऱ्या एका ओळीत आहे, आणि कॉर्ड्सची यादी ती ओळ दाखवत नाही. म्हणून इथे आपण उलट्या बाजूनं जाऊ. आधी ती ओळ गळ्यात आणि बोटांत बसवू आणि मग तिच्याभोवती गाणं उभं करू.

गिटार, पेटी, कीबोर्ड, उकुलेले यांपैकी काहीही चालेल. मूळ रेकॉर्डिंग सी मेजरमध्ये आहे, म्हणजे पेटीवर पांढरी एक हा आपला सा. स्वरांची नावं मी सरगमातच घेणार आहे, कारण आपल्याकडच्या कानाला कोमल-तीव्र हे शब्द शार्प-फ्लॅटपेक्षा लवकर ऐकू येतात. एक सूचना मात्र आत्ताच देतो: रियाजाच्या सवयीनं तानपुऱ्याचं ॲप लावू नका. मधल्या कडव्यात या गाण्याचा सा बदलतो, आणि तानपुरा तिथे बेसूर वाटू लागेल.

आधी थोडं मुळाशी

बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यानं हे गाणं 1968 मध्ये लिहायला घेतलं. पांढऱ्या कव्हरच्या डबल अल्बमचं काम लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत चालू होतं. बँडमधला त्याचा साथी पॉल मॅकार्टनी एका खोलीत आपलं ध्वनिमुद्रण करत होता, तेव्हा हॅरिसन दुसऱ्या रिकाम्या स्टुडिओत जाऊन पियानोवर बसला आणि चाल सुचली. पियानोवर सुचली ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल. चाल इतकी सहज आली की ती आपण कुठेतरी आधी ऐकलेली असणार अशी शंका त्याला आली आणि त्यानं ती काही महिने बाजूला ठेवली.

गाण्याची पहिली ओळ खरोखरच ऐकलेली होती. बीटल्सच्याच ॲपल कंपनीनं डिसेंबर 1968 मध्ये जेम्स टेलर या तरुण अमेरिकन गायकाचा पहिला अल्बम काढला. त्यातल्या एका गाण्याचं शीर्षक आणि हॅरिसनची पहिली ओळ एकच आहे. टेलरनं याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्याच्या त्या गाण्यातही बीटल्सच्या एका जुन्या गाण्याचे शब्द आलेले होतेच. साम्य त्या शब्दांपुरतंच आहे. चाल आणि कॉर्ड्स पूर्णपणे हॅरिसनच्या आहेत.

पुढचे शब्द मात्र अडले. जानेवारी 1969 च्या तालमींत दुसऱ्या ओळीतल्या उपमेशी तो झगडत होता. जॉन लेननचा सल्ला असा होता की शब्द मिळेपर्यंत मनात येईल ते गात राहा, हवं तर ‘कॉलिफ्लॉवर’ म्हण. हॅरिसननं तिथे डाळिंबही घालून पाहिलं. चाल लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा सल्ला मनावर घ्यावा. शब्दासाठी चाल थांबवली असती तर ती कदाचित हातची गेली असती.

25 फेब्रुवारी 1969 ला, आपल्या 26 व्या वाढदिवशी, हॅरिसननं एकट्यानं या गाण्याचा डेमो केला. तो आता अधिकृतरीत्या ऐकायला मिळतो आणि शिकणाऱ्यानं मुख्य रेकॉर्डिंगच्या आधी तोच ऐकावा. वाद्यांची गर्दी नसल्यामुळे त्यात कॉर्ड्स स्वच्छ ऐकू येतात.

आता मुंबईचा धागा. सप्टेंबर 1966 मध्ये हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता आणि ताजमध्ये उतरला होता. जानेवारी 1968 मध्ये तो पुन्हा आला आणि इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्यानं ध्वनिमुद्रण केलं. ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत तेव्हाचंच आहे. त्याच वर्षी नंतर त्यानं ठरवलं की आपण सतारिये होणार नाही, आणि तो गिटारकडे परतला. ‘समथिंग’ हे त्या परतण्यानंतरचं गाणं आहे. गिटारच्या सोलोकडे येऊ तेव्हा याची आठवण ठेवा.

पायरी पहिली: फक्त चार सूर

वाद्यावर तार सप्तकातला सा धरा. मग शुद्ध नी, मग कोमल नी, मग ध. प्रत्येक सुरावर चार मात्रा थांबा. गाण्याची लय संथ आहे, मिनिटाला साधारण 66 ठोके, आणि घाई केली तर हा उतार हरवतो. हे चार सूर आधी आकारात गा. शुद्ध नी वरून कोमल नी वर येताना घसरू नका, पायरी उतरल्यासारखं स्पष्ट उतरा.

आता पहिल्या दोन ओळी मनात म्हणत हेच चार सूर गा. मूळ गाण्यात गायक हे सूर गात नाही. तो त्यांच्या आजूबाजूला फिरतो आणि हे सूर कॉर्ड्समध्ये दडलेले राहतात. तरीही ते गाण्याशी नीट जुळतात, हे कानाला पटलं पाहिजे. पटेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी दुसरी: त्या चार सुरांवर कॉर्ड्स

कीबोर्डवर डाव्या हातानं खालचा सा धरून ठेवा. उजव्या हातात ग, प आणि वरचा सा. ही सी मेजर. ग आणि प तसेच ठेवून फक्त वरचं बोट शुद्ध नी वर आणलं की सी मेजर सेव्हन होते. तेच बोट कोमल नी वर आणलं की सी सेव्हन. एकच बोट हलतं आणि तीन कॉर्ड्स होतात. पियानोवर बसलेल्या हॅरिसनला ही चाल इतकी सहज का सुचली, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

सी सेव्हनवर थांबून बघा. ग आणि कोमल नी एकत्र वाजताना एक अस्वस्थपणा आहे. कोमल नी ला ध वर उतरायचंय आणि ग ला म वर चढायचंय. दोघांना तसं जाऊ द्या. डाव्या हातात म घ्या आणि उजव्या हातात म, ध, सा. ही एफ मेजर. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मिळणारा विसावा हाच.

गिटारवर सी मेजर नेहमीची. दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरचं बोट उचललं की सी मेजर सेव्हन. ते बोट परत ठेवून तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी ठेवली की सी सेव्हन. पुढे एफ मेजर, शक्यतो वरच्या चार तारांची लहान एफ. आपला उतरता सूर दुसऱ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर जातो: पहिला फ्रेट, मोकळी तार, मग तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट, दुसरा फ्रेट. सगळ्या तारा छेडण्याआधी नुसते हे चार सूर उजव्या हाताच्या बोटानं वेचून वाजवा. पुढे पूर्ण स्ट्रम केलात तरी कान त्यांच्यावरच राहील.

पायरी तिसरी: मधली दोन पावलं

एफनंतर डी मेजर किंवा डी सेव्हन आणि मग जी. इथे उतरती ओळ क्षणभर थांबते. डी मध्ये तीव्र म येतो, उजेड पडतो, आणि जी वरून बास चढत ध कडे जातो. यात फार काही शिकण्यासारखं नाही. नीट वाजवा आणि पुढे चला.

पायरी चौथी: दुसरा उतार

पहिला उतार ध वर संपला होता. दुसरा त्याच ध वरून सुरू होतो: ध, कोमल ध, प, तीव्र म. कॉर्ड्स आहेत ए मायनर, ए मायनर मेजर सेव्हन, ए मायनर सेव्हन आणि डी नाइन. नावं लांबलचक आहेत, पण हाताला काम थोडंच आहे. कीबोर्डवर उजव्या हातात सा, ग आणि वर ध धरा. सा आणि ग हलवायचे नाहीत. वरचं बोट ध, कोमल ध, प, तीव्र म असं खाली आणा. डावा हात पहिल्या तिन्ही वेळा ध वर, चौथ्या वेळी रे वर.

गिटारवर ए मायनर धरा. तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट, मग पहिला फ्रेट, मग मोकळी तार. बाकी बोटं जागच्या जागी. डी नाइनसाठी पाचव्या फ्रेटकडे जा: पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट, चौथ्या तारेचा चौथा, आणि वरच्या तिन्ही तारांचा पाचवा फ्रेट एका बोटाखाली. चौथ्या तारेवरचा तो चौथा फ्रेट म्हणजेच आपला तीव्र म.

यातला कोमल ध बोचला पाहिजे. पुष्कळ जण ए मायनर मेजर सेव्हन गाळून सरळ सेव्हनवर जातात, कारण एकट्यानं वाजवताना ती कॉर्ड कडवट लागते. गाळू नका. गायक तिला सोडून जायची इच्छा नसल्याचं सांगतो, आणि ते सांगताना मनात जो काटा आहे तो या एका सुरात आहे. पुढे मधल्या कडव्यात हाच कोमल ध परत भेटणार आहे.

पायरी पाचवी: सुरुवातीची आणि शेवटची ती फिरकी

डी नाइन ऐकली की कानाला जी हवी असते. हॅरिसन ती लगेच देत नाही. मध्ये तो एफ आणि ई फ्लॅट आणतो आणि मग जी. गाणं रिंगो स्टारच्या ड्रमच्या छोट्या तुकड्यानंतर ज्या गिटारच्या ओळीनं उघडतं, ती हीच. ई फ्लॅट ही सी मेजरच्या घरातली कॉर्ड नव्हे. तिच्यात कोमल ग आणि कोमल नी आहेत, सी मायनरमधून उसन्या आणलेल्या.

इथे दोन ओळी एकमेकींच्या उलट जातात. बास उतरतो: म, कोमल ग, रे आणि शेवटी सा. वरची गिटार चढते: ध, कोमल नी, शुद्ध नी आणि शेवटी सा. दोघंही सा वर येऊन भेटतात.

गिटारवर एकट्यानं दोन्ही ओळी वाजवायच्या असतील तर अशी मांडणी करा. लहान एफ, ज्यात चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट. मग लहान ई फ्लॅट: चौथ्या तारेचा पहिला, तिसऱ्या तारेचा तिसरा, दुसऱ्या तारेचा चौथा, पहिल्या तारेचा तिसरा. मग जी, पण चौथी तार मोकळी तळाला ठेवून आणि पाचवी-सहावी तार न छेडता. मग सी. खालची ओळ चौथ्या तारेवर तीन, एक, मोकळी अशी उतरते आणि सी च्या पाचव्या तारेवर पोहोचते. वरची ओळ तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर, तिथून मोकळ्या दुसऱ्या तारेवर आणि तिच्या पहिल्या फ्रेटवर चढते.

आता सगळे उतार एका ओळीत

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि पेटीवाल्यांनी तो चुकवू नये. तिन्ही उतार एकाच सप्तकात ओळीनं ठेवा: सा, नी, कोमल नी, ध. मग ध, कोमल ध, प, तीव्र म. मग शुद्ध म, कोमल ग, रे, सा. प्रत्यक्षात हे सूर वेगवेगळ्या वाद्यांत आणि वेगवेगळ्या उंचीवर विखुरलेले आहेत, मध्ये डी आणि जी चा थांबाही आहे. पण ओळीनं वाजवले की तार सा पासून मध्य सा पर्यंतचा अख्खा जिना दिसतो.

कडव्यातल्या सगळ्या कॉर्ड्सचे सूर मोजले तर बारापैकी अकरा येतात. दोन्ही नी, दोन्ही ध, दोन्ही म, दोन्ही ग. फक्त कोमल रे येत नाही. संथ, सोप्या वाटणाऱ्या प्रेमगीतात इतके स्वर लागलेत हे ऐकताना जाणवतही नाही, कारण प्रत्येक परका सूर शेजारच्या सुरावरून एक पाऊल टाकून आलेला असतो.

पायरी सहावी: सा हलतो

पहिल्या कडव्यानंतर ती फिरकी सी वर उतरते. दुसऱ्यानंतर तीच फिरकी, तीच एफ, तीच ई फ्लॅट, तीच जी, आणि पुढे सी ऐवजी ए मेजर. आपल्या जुन्या सा पासून पाहिलं तर ए मेजरमध्ये ध, कोमल रे आणि ग असतात. राखून ठेवलेला बारावा सूर इथे येतो. दार उघडल्यासारखं जे वाटतं त्याचं कारण हा कोमल रे.

इथे जुना सा विसरा आणि पांढरी सहा हा नवा सा माना. कॉर्ड्स आहेत ए, मग सी शार्प मायनर, मग एफ शार्प मायनर आणि मग पुन्हा ए. बास मात्र सलग उतरतो: नव्या सा पासून नी, ध, प. म्हणून सी शार्प मायनरच्या तळाला जी शार्प आणि शेवटच्या ए च्या तळाला ई घ्या. कडव्यात बोचणारा तो कोमल ध आता तळाशी जी शार्प म्हणून येतो, आणि नव्या घरात तो शुद्ध नी आहे. सूर तोच, पण इथे तो घरचा झालाय.

आता या गाण्याचा कणा. कुणीतरी विचारतंय की तुझं प्रेम वाढेल का, आणि गायक उत्तर देतो की मला ठाऊक नाही. हे तो दोनदा सांगतो, दोन वेगळ्या ठिकाणी. पहिल्यांदा कॉर्ड्स आहेत डी, जी, ए. दुसऱ्यांदा डी, जी, सी. शब्द तेच, डी आणि जी सुद्धा तीच. पहिल्या वेळी जी आपल्याला नव्या घरात परत ठेवते. दुसऱ्या वेळी तीच जी मूळ घरी घेऊन जाते. शब्दांना उत्तर ठाऊक नाही, पण दुसऱ्या वेळी सी येते तेव्हा ऐकणाऱ्याला ते मिळालेलं असतं. प्रेमगीतात शंका उघड बोलून दाखवायची आणि विश्वास कॉर्डवर सोपवायचा, हे हॅरिसननं इथे साधलंय, आणि म्हणून हे गाणं मला त्या काळातल्या इतर प्रेमगीतांपेक्षा जास्त खरं वाटतं.

सरावासाठी फक्त ही दोन वळणं घ्या. डी, जी, ए. डी, जी, सी. डोळे मिटून आलटून पालटून वाजवा. जी वाजत असताना पुढे काय येणार हे वाजवण्यावरून कळता कामा नये, दोन्ही वेळा जोर सारखाच ठेवा. दुसऱ्यांदा सी येण्याआधीच जोर वाढवला तर ते वळण आधीच उघड होतं.

सोलो आणि तंतुवाद्यं

सोलो कडव्याच्याच कॉर्ड्सवर आहे, त्यामुळे नवं काही पाठ करायचं नाही. तो वाजवण्याआधी गा. पूर्ण गाता येईपर्यंत गिटार हातात घेऊ नका. त्यातलं मुख्य काम सुरावरून सुरावर सरकण्याचं आहे, ज्याला आपण मींड म्हणतो. वेगवान तान नाही, दिखाऊपणा नाही. मुंबईत सतारीवर घालवलेला काळ इथे बोलतो असं माझं ऐकणं आहे. मींड घेताना मधल्या श्रुतींवर ज्या संयमानं वेळ दिलाय, तो त्या काळच्या रॉक गिटारमध्ये क्वचितच ऐकू येतो.

रेकॉर्डवरचा सोलो 15 ऑगस्ट 1969 चा आहे. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन यानं लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या भागाचं ध्वनिमुद्रण त्याच दिवशी झालं. 12 व्हायोलिन, 4 व्हायोला, 4 चेलो आणि एक डबल बास. हॅरिसन त्यांच्याबरोबरच वाजवत होता. 2019 मध्ये ‘ॲबी रोड’ची पन्नाशीची आवृत्ती निघाली, तिच्यात फक्त तंतुवाद्यांचा भाग वेगळा ऐकायला मिळतो. आपल्या उतरत्या ओळी मार्टिननं कुठे उचलल्यात आणि कुठे मुद्दाम सोडल्यात, हे त्यावर शोधणं हा एका संध्याकाळचा उत्तम अभ्यास आहे. ऑर्गन बिली प्रेस्टनचा. पॉलचा बास इतका स्वतंत्र गातो की सुरुवातीला त्याची नक्कल करू नका. तळाचे साधे सूर आधी पक्के होऊ द्या.

शेवट, आणि इतरांनी काय केलं

शेवटी फिरकी दोनदा येते. पहिल्यांदा ती ए वर थांबते, दुसऱ्यांदा सी वर. दोन्ही घरांना एकदा हात लावून गाणं संपतं. ए वर किंचित जास्त रेंगाळलात तरी चालेल, पण लय तोडू नका.

गाणं ऑक्टोबर 1969 मध्ये सिंगल म्हणून निघालं. बीटल्सच्या सिंगलची मुख्य बाजू हॅरिसनच्या गाण्याला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये चौथ्या. फ्रँक सिनाट्रानं त्याला गेल्या पन्नास वर्षांतलं सर्वोत्तम प्रेमगीत म्हटलं, पण श्रेय बराच काळ लेनन आणि मॅकार्टनीला देत राहिला. ते पॅटी बॉइडसाठी, म्हणजे त्याच्या तेव्हाच्या पत्नीसाठी, लिहिलं असं सर्रास सांगितलं जातं. हॅरिसन मात्र म्हणायचा की लिहिताना त्याच्या डोक्यात अमेरिकन गायक रे चार्ल्सचा आवाज होता. रे चार्ल्सनं ते 1971 मध्ये गायलंही. ते जरूर ऐका, म्हणजे या कॉर्ड्समध्ये चर्चच्या गाण्यांचा किती अंश आहे हे कळेल. गायला सुरुवात करताना गळा रॉकच्या गायकाचा न ठेवता तसा सैल ठेवा.

पट्टी बदलायची असेल तर गिटारवर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारी चिमटी) लावा आणि बोटांच्या मांडण्या याच ठेवा. पट्टी खाली आणायची असेल तर सगळ्या तारा एक किंवा दोन सूर उतरवून घ्या. सी ऐवजी दुसऱ्या कॉर्डपासून सुरुवात केली तर उतरती ओळ भलत्याच तारेवर जाते आणि वेचायला अवघड होते.

आणि उकुलेले असेल तर तिच्यावर हे गाणं आवर्जून वाजवा. हॅरिसनला ते वाद्य फार आवडायचं, आणि त्याच्या मृत्यूनंतर, 29 नोव्हेंबर 2002 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या आदरांजलीच्या कार्यक्रमात पॉलनं हे गाणं उकुलेलेवरच सुरू केलं. पहिला उतार तिथे एकाच तारेवर येतो: पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट, दुसरा, पहिला आणि मोकळी तार. दुसऱ्या उतारात चौथ्या तारेचा दुसरा, पहिला आणि मोकळी, आणि मग डी सेव्हनमध्ये दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तीव्र म. गिटारवर जी ओळ दोन तारांत विभागली जाते ती इथे एका बोटाखाली सलग मिळते, त्यामुळे अगदी नवशिक्यानं सुरुवात उकुलेलेवर केली तरी हरकत नाही.